रुसकीची तीन पोती

डिंक ओला होता तोवरच काकूंनी लाल चिठ्ठी पोत्यावरून सोलून काढली. दुसऱ्या पोत्यावरचीही काढली. तिसऱ्यावरची मात्र मधोमध फाटली. ‘मृत’ एवढा शब्द पोत्याला चिकटून राहिला आणि ‘बियाणे’ काकूंच्या हातात आलं.

“अहो काकू, काय करताय हे?” कारकून डिंकाची बाटली छातीशी धरून मागे सरकला. “मी नाही हो ठरवलं. वरून आलंय.”

“वरून पाऊस येतो. हे कुठून आलं ते सांग.”

“तपासणीतून.” त्यानं दाराकडे पाहिलं, घसा खाकरला. “म्हणजे... सही तुमच्या भाचीची आहे.”

काकूंचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी फाटकी चिठ्ठी चार घड्या करून कमरेच्या बटव्यात टाकली, जणू उसनी दिलेली वस्तू परत मिळावी तशी.

बियाण्यांच्या त्या कोठीत भिंतीवर सात चाळण्या टांगलेल्या होत्या. पहिलीतून वाटाणा जाईल, सातवीतून धूळसुद्धा विचार करून जाईल. काकूंना सगळे चाळणकाकू म्हणत ते त्यामुळेच. त्यांच्या कानांनाही चाळणी आहे, असं लोक हसून म्हणायचे. नको ते खाली पडतं आणि हवं ते वर्षानुवर्षं वर राहतं. भाचीची सही वरच राहिली. खाली पडेना.

वस्तीच्या मागे दगडाची खाण होती. तीस वर्षं डोंगर कापून झाला, दगड संपला, तसे कापणारे हात झटकून मोकळे झाले. मागे राहिल्या त्या नुसत्या पायऱ्या, कुणा राक्षसानं उतरायला कोराव्यात तशा, पुरुषभर उंच आणि नागड्या. वारा सुटला की तिथली पांढरी पूड वस्तीत यायची. दोरीवरचे कपडे दोनदा धुवावे लागायचे आणि पोरांचा खोकला बाराही महिने घरात पाहुण्यासारखा मुक्कामाला असायचा. लोक भांडले, अर्ज झाले, आणि शेवटी कंपनीला हुकूम झाला: जे उघडं केलंत ते पुन्हा झाकून द्या. झाकायचं तेही कसं, हे हुकमात लिहिलेलं होतं. खाणीसमोरच्या डोंगराचंच बी वापरायचं. त्याच मातीचं, त्याच उन्हाचं, त्याच वाऱ्याची सवय असलेलं.

त्या कामावर काकू लागल्या, आणि त्यांच्या हाताखाली दोघी जावा. या दोघींचं घरात मिठाच्या खड्यावरूनही पटत नसे, पण शेंग पिकली की नाही यावर कधी दुमत झालं नाही. चार वर्षं तिघींनी तो डोंगर पायाखाली घातला. नियम काकूंचा होता: तीन शेंगांतली एक घ्यायची, दोन ठेवायच्या. एक पाखराला, एक डोंगराला.

गवतं झाली, वेली झाल्या. पण काकूंचा जीव अडकला होता एका काटेरी झुडपात. पुस्तकात त्याचं नाव दीड ओळीचं होतं. तिघी त्याला रुसकी म्हणायच्या. खडकाच्या फटीत वाढणारी, बी मिरीएवढं काळं; चावायला गेलं तर दात हलेल, दाणा हलणार नाही. पेरली की ही रुसायची. एक वर्ष वर येणार नाही, दोन वर्षं येणार नाही. पण एकदा आली की मुळं दगडात अशी रुतवायची की वादळानं ओढली तरी पदर सुटायचा नाही. दुसऱ्या वर्षी पहिल्या पायरीवर रुसकीवाचून नुसतं गवत लावून पाहिलं होतं. एका पावसात ते सतरंजी गुंडाळावी तसं गुंडाळून खाली आलं.

भाची चौथीत होती तेव्हा समोरच्या डोंगराला वणवा लागला होता. पोर दोन दिवस धड जेवली नाही. ससे कुठे गेले असतील, म्हणून रडत होती. पुढच्या वर्षी काकू तिला हाताला धरून वर घेऊन गेल्या. काळ्या पडलेल्या उतारावर वीत-वीतभर हिरवी रुसकी उभी होती, मोजता येऊ नये इतकी. “ही रडायला नाही थांबली बघ,” काकू म्हणाल्या होत्या. तेव्हापासून बी चाळताना त्या एक ओवी म्हणायच्या. त्यांनीच जुळवलेली:

*रुसली गं रुसकाई, दार लावून बसली*
*ऊन वाजवी गं कडी, तेव्हा कुठं ती हसली*

आता ती म्हणायलाही डोंगर राहिला नव्हता. गेल्या हिवाळ्यात, त्याच कंपनीला, समोरच्या डोंगरावर नवी खाण काढायची परवानगी मिळाली. एक भोक बुजवायला ज्याचं बी घ्यायचं, त्यालाच दुसरं भोक! यंत्रं चढली तेव्हा काकूंनी आपला नियम मोडला. आठ दिवस पुढे तिघी बायका आणि मागे यंत्र. दोन ठेवायच्या कुणासाठी? ओरबाडता येईल तेवढी रुसकी त्यांनी ओरबाडून आणली. तीन पोती भरली. डोंगर म्हणून जे काही उरलं होतं ते त्या तीन पोत्यांत होतं, आणि त्यावर आज लाल चिठ्ठी लागली होती.

काकू कोठीतून निघाल्या त्या थेट तपासणीच्या खोलीत शिरल्या.

भाची पांढऱ्या डगल्यात, चिमट्यानं दाणे मोजत बसली होती. “ये मावशी. चहा टाकू?”

“तीन पोती मारलीस आणि वर चहा पाजतेस?”

भाचीनं चिमटा खाली ठेवला. “शंभर दाणे ओल्या कागदात ठेवायचे. चौदा दिवस. चौदाव्या दिवशी मोजायचे. तीन उगवले, मावशी. शंभरात तीन.”

“चौदा दिवस! तू बोलायला लागलीस तेव्हा चार वर्षांची होतीस. चौदा दिवसांत तपासून मुकी म्हणून चिठ्ठी लावली असती तर?”

“नियम शेतातल्या बियाण्यासाठी केलेला आहे. दुसरा नियमच नाही. हे बी वेगळं आहे असं मी तीन वेळा लिहून पाठवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर: रकाना बदलता येत नाही.”

“दगडावर घासून लावायचंस. आपण घरी कसं लावायचो?”

“घासलेला नमुना बाद होतो.”

“मग काय, रकान्यात बसेना म्हणून जिवंत जीव मेलेला?”

भाचीनं ओल्या कागदावरचा एक काळा दाणा बोटानं काकूंकडे सरकवला. मग तिनं अगदी हळू विचारलं, “नमुन्याचे दाणे कुणी निवडले होते?”

“मी. माझ्या या हातांनी. दोन दिवस पाठ मोडून.”

“कसे निवडलेस?”

कसे म्हणजे? काकूंनी सातही चाळण्या लावल्या होत्या. गोल गरगरीत, काळे कुळकुळीत, अंगावर चरा नाही, किड्याचं भोक नाही, असा एकेक दाणा उजेडात धरून वेचला होता. मोठ्या लोकांपुढे जायचंय, आपली रुसकी कशात कमी दिसू नये, म्हणून. खाली पडलेला फुटका-टोचका माल त्यांनी सुपानं बाजूला लोटला होता.

“तो खालचा गाळ दिला असतास,” भाची म्हणाली, “तर निम्मे उगवले असते. टोचलेल्या दाण्यात पाणी शिरायला वाट तरी असते. तू मला शंभरच्या शंभर कुलपं आणून दिलीस, मावशी.”

अंगातल्या रागाला क्षणभर जागाच सापडेना. समोरच्या टेबलावर ठेवावा तर तो घसरून आपल्याच ओटीत येतोय, असं झालं. त्यांची नजर खाली गेली, आणि तिथे त्यांना कागद दिसला. ‘विल्हेवाटीची पद्धत.’ खाली तीन चौकटी: खोल पुरणे, दळणे, जाळणे. तिसऱ्या चौकटीत निळ्या शाईची खूण होती. अशी शेपटी लांब ओढून खूण करायला काकूंनीच शिकवलं होतं, अंगणात, खडूनं.

“जाळायचं?”

“काहीतरी एक निवडावंच लागतं.”

“आणि तू हे निवडलंस.”

“हो.”

काकूंचा राग पुन्हा पायांवर उभा राहिला. “माय मरो पण मावशी उरो म्हणतात. तुझी माय गेली आणि मी उरले. हे बघायला उरले होय?”

भाचीचे कान लाल झाले. तिनं मान वर केली नाही. “मंगळवारी सकाळी आहे. साहेबांना फोटो हवा आहे. तू ये.”

“मी कशाला? अग्नी द्यायला?”

“पसरायला,” भाची म्हणाली. “त्याला तुझे हात लागतील.”

पण ते ऐकायला काकू तिथे होत्याच कुठे? त्या जिना चढून कंपनीच्या साहेबांच्या खोलीत पोचल्या होत्या.

साहेब रागावणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तुमची कळकळ मला समजते, असंही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. भांडणाला पकड तरी मिळाली असती. हे म्हणजे शेवाळावर चालणं झालं.

“आणि अडलंय कुठे?” त्यांनी टेबलामागचं छापील पोतं दाखवलं. “तेच झाड मागवलंय. हे बघा नाव. शंभरात पंचाण्णव उगवतात.”

काकूंनी मूठभर दाणे तळहातावर घेतले. भुरे, फुगीर, एका साच्यातले. नख लावलं तर नख रुतलं.

“कुठलं आहे?”

“लांबचं आहे. पण झाड तेच. नाव तेच.”

“तुमच्याच नावाचा दुसरा कुणी माणूस संध्याकाळी तुमच्या घरी गेला, तर बाई त्याला पान वाढतील का?”

दाराशी फाईल घेऊन उभा असलेला कारकून खोकत बाहेर पळाला. साहेब हसले. हसू ओठांवरच थांबलं.

“हे सपाट जमिनीतलं आहे,” काकू म्हणाल्या. “ओल्या मातीत लाडात वाढलेलं. चार दिवसांत वर येईल, तुमचे फोटो होतील आणि उन्हाळा लागला की वाळून काटक्या होतील.”

“सरकारी पाहणी उन्हाळ्याच्या आधी आहे, काकू.”

हे ते इतक्या सहज म्हणाले की काकूंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण नाही. चाळणीवर शब्द तसाच्या तसा उरला होता.

“म्हणजे पाहणाऱ्यांपुरतं हिरवं?”

“पहिल्या दोन पायऱ्या रस्त्यावरून दिसतात. तिथे हे लावू. बाकीच्यांचं पुढे बघता येईल.”

“आणि तो?” काकूंनी खिडकीकडे बोट केलं. समोरच्या डोंगराच्या खांद्यावरून धूळ उठत होती. अर्धा खांदा आता नव्हताच.

साहेबांनी वळून पाहिलं, जणू तिथे काही आहे हे त्यांना आत्ताच कुणी दाखवत होतं. “त्याची फाईल वेगळी आहे.”

काकूंनी तळहातावरचे दाणे परत पोत्यात टाकले. एकही सांडू दिला नाही. परक्याचं झालं तरी ते बीच होतं. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? मग हात पदराला पुसून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, “साहेब, तुमच्या घरी धूळ येत नाही ना?”

“नाही. का?”

“काही नाही. चौकशी केली.”

मंगळवार उजाडला. त्याआधी काकू दोनदा कोठीत जाऊन आल्या होत्या. पण तिन्ही पोत्यांना तारेचं सील लागलं होतं, वजन कागदावर चढलं होतं. मूठभर दाणे पदराला बांधायचे तर मूठ आत जायला जागा नव्हती. जाऊ नये असं त्यांनी रात्रभर ठरवलं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी निघाल्या. आपलं माणूस एकटं जळू नये, एवढाच त्यात हिशेब होता.

कचरा जाळायचा खड्डा कोठीच्या मागे होता. तिथे कुणीच नव्हतं. पहारेकरी डिझेलचा डबा घेऊन वरच्या बाजूनं हाका मारत होता. गावभर त्याला मिशी म्हणत, कारण त्याच्यात लक्षात राहण्यासारखं तेवढंच होतं.

“काकू, इकडे! बाईसाहेबांनी तिसऱ्या पायरीवर बोलावलंय. पोती पाठीवर वाहून माझा कणा गेला. खड्डा काय वाईट होता?”

तिसरी पायरी रस्त्यावरून दिसत नाही. गेल्या वर्षी तिथे वीतभर माती आणून टाकली होती, ती तशीच पडून होती. दोघी जावा वाळलेल्या गवताचे भारे घेऊन बसल्या होत्या, तोंडं दोन दिशांना. भाची आज डगल्याशिवाय होती. हातात पाटी, पाटीवर कागद.

“डिझेल परत घेऊन जा,” ती मिशीला म्हणाली.

“मग पेटायचं कसं?”

“गवत आहे.”

तिनं सील कापली. पहिलं पोतं आडवं केलं. काळा, चकचकीत ओघ मातीवर आला आणि काकूंना समोरचा डोंगर एकदम आठवला, शेंगा तडकायच्या दुपारी जसा वाजायचा तसा.

“मावशी, पसर. विरळ. दाण्याला दाणा लागू देऊ नकोस.”

“जाळायचंच आहे तर करा ढीग आणि लावा काडी. छळ कशाला मांडलाय?”

“मी पण तेच म्हणतो,” मिशी म्हणाला. “ढीग झकास पेटतो.”

“आदेशात ढीग लिहिलेला नाही,” भाची म्हणाली.

काकूंनी ओंजळ भरली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण हाताला डोळ्यांची गरज नव्हती. मनगट फिरलं, बोटं सैल झाली, दाणे अर्धगोलात पडले. चाळीस वर्षांत हा हात दुसरं काही शिकलाच नव्हता. एक पोतं संपलं, दुसरं संपलं. धाकटी जाऊ नकळत गुणगुणायला लागली, *दार लावून बसली*, आणि थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं.

तिसरं पोतं रिकामं झालं तेव्हा भाची म्हणाली, “आता वरून मातीचा हात फिरव. बोटाच्या पेराएवढा थर.”

“जाळायच्या आधी पुरताय होय?” मिशी हसला.

“वारा आहे. अंश हद्दीबाहेर उडता कामा नये, असा नियम आहे. वाचून दाखवू?”

“नको नको.”

काकू थांबल्या. त्यांनी भाचीकडे पाहिलं. भाची त्यांच्याकडे बघत नव्हती. बोट ओलं करून वारा कुठून येतोय ते पाहत होती. लहानपणी वणव्याच्या दिवशी अंगणात उभी राहून अशीच बघायची, तोंड असंच घट्ट मिटून.

काकू हळूच गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही तळवे मातीवरून फिरवायला लागल्या. मघासारखे नव्हे, तर निजलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसे. कड्याच्या बाजूला जिथे खडक तडकलेला होता तिथे त्या थबकल्या.

“इथे फटीत जरा जास्त लागेल,” त्या मातीलाच सांगावं तशा म्हणाल्या.

“मी कुठे काय म्हटलं?” भाची कागदाकडे बघत म्हणाली.

जावांनी गवत अंथरलं, चादरीएवढं पातळ. भाचीनं वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली. ज्वाळेची एक रेघ उभी राहिली आणि पायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. कुठे थांबली नाही, कुठे रेंगाळली नाही. मातीखालून बारीक टचटच आवाज येत होता, कुलपं उघडावीत तसा, थोडा वेळ, दाट, मग विरळ. रिकामी पोतीही त्यातच टाकली. त्यातल्या एकावर ‘मृत’ चिकटलेला होता. तो आधी पिवळा पडला, मग आक्रसला, मग नाहीसा झाला. पाण्याचा घडा भरायला लागावा एवढ्या वेळात सगळं उरकलं. काळी पायरी धुमसत राहिली.

भाचीनं ज्वाळांचा फोटो काढलेला होता, आता राखेचा काढला. दोन्ही पाठवले. लगेच फोन वाजला. तिनं तो काकूंसमोर धरला. साहेबांनी एकच शब्द लिहिला होता: ‘छान.’

मग तिनं पाटीवरचा कागद भरला. पद्धत: जाळणे. जागा: तिसरी पायरी. अवशेष: जागेवरच. खाली सही केली आणि पेन काकूंपुढे केलं. “साक्षीदार म्हणून.”

काकूंनी सही केली. शेपटी लांब ओढली. समोरच्या डोंगरावर यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

मिशीला तेवढ्यात वाईट वाटलं. तो मनानं तसा बरा माणूस होता. “चार वर्षांची मेहनत गेली हो काकू,” तो म्हणाला. “एखादा दाणा तरी वाचला असेल का? बघतो उकरून.” आणि त्यानं बूट राखेवर ठेवायला पाय उचलला.

“खबरदार!”

काकू एवढ्या जोरात ओरडल्या की खालच्या कोठीच्या दारातून कारकून बाहेर आला.

“खबरदार पाय ठेवलास तर! डोळे फुटले का तुझे? मेलंय ते! तपासून, चिठ्ठी लावून, सही करून मारलंय! साहेबांना विचार! मेलेल्याला तुडवू नये एवढंही शिकवलं नाही का तुझ्या आईनं? आज नाही, उद्या नाही, पाऊस पडून गेला तरी नाही, या पायरीवर कुणाचं पाऊल दिसलं तर गाठ माझ्याशी आहे!”

मिशीचा पाय हवेतल्या हवेत मागे गेला. तो डबा उचलून मुकाट खाली उतरायला लागला. दोघी जावा एकमेकींकडे बघत होत्या, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. भाचीनं पाठ फिरवली होती आणि पाटी तोंडाशी घट्ट धरली होती.

काकूंना अजून धाप लागली होती. त्यांनी बटव्यातून घडी केलेली लाल चिठ्ठी काढली, उलगडून त्यावर उरलेलं ‘बियाणे’ पाहिलं, आणि पायरीच्या कडेला एका दगडाखाली, वाऱ्यानं उडणार नाही अशी, दाबून ठेवली.